टीपीओ सर, हे दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सांगा

प्रति,
सन्माननीय प्राचार्य आणि ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकारी (टीपीओ),
मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना सभागृहात बसवून प्लेसमेंटबद्दल काय सांगितलं जातं, ते मी आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत मागच्या रांगेत बसून ऐकलंय. पुण्या-हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपन्या, वाळूजच्या वाहन कंपन्या, बँकांचं सेल्स, आणि यात न बसणाऱ्यांना ‘एमपीएससीचं बघा’. तेल आणि वायू उद्योगाचं नाव त्यात क्वचितच निघतं. मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. नोकरीची सगळी वर्षं याच उद्योगात इन्स्ट्रुमेंटेशन बघण्यात गेली आणि आता निवृत्त आहे. त्यामुळे हे पत्र थोडं आपलेपणानं आणि थोडं रागानं लिहितोय, चालवून घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. या उद्योगात शिरायच्या अटी आणि तारखा मुलांना दुसऱ्या वर्षी कळायला हव्यात. आपण त्या शेवटच्या वर्षी सांगतो, तोवर निम्म्या अटी हातून निसटलेल्या असतात.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आपल्याकडं कुठं तेल आहे? खरंय, आपण दख्खनच्या बेसॉल्टवर बसलोय, मराठवाड्यात तेलाची एकही विहीर नाही. पण विहीर दारात असणं ही नोकरीची अट कधीच नव्हती. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ रिगनं मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्या मुंबई हाय तेलक्षेत्राचा कारभार मुंबईतून चालतो. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या दोघांची मुख्यालयं मुंबईत, दोघांच्या रिफायनऱ्या माहुलला. तेल-वायू शोधणाऱ्या सरकारी ओएनजीसी कंपनीच्या दोन तांत्रिक संस्था पनवेलला आहेत. देवगिरी एक्स्प्रेसनं एका रात्रीत पोचता येईल एवढ्या अंतरावर हा सगळा पसारा आहे. आपल्या मुलाला मात्र त्यातली फक्त पेट्रोल पंपाची पाटी ठाऊक असते.

आणि आता तर तो पसारा दारातही आलाय. समृद्धी महामार्गावरून वैजापूर ते जालना कधी गेलात, तर रस्त्याच्या कडेकडेनं ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीची मुंबई–नागपूर वायुवाहिनी जाते हे ध्यानात ठेवा. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत घरोघरी गॅस पोचवायचं काम भारत पेट्रोलियमकडं आहे. लातूर आणि धाराशिवचं काम ज्या कंपनीकडं होतं, ती २०२४ मध्ये महानगर गॅसनं विकत घेतली. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून मराठवाड्याला इंधन येतं. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांनी संप केला तेव्हा आपल्या पंपांवर लागलेल्या रांगा तुम्हीही पाहिल्या असतील. त्या रांगेत उभ्या असलेल्या किती मेकॅनिकलच्या पोरांना ठाऊक होतं, की मुंबईहून मनमाडला तेल पाइपलाइननं येतं आणि त्या डेपोत त्यांच्यासारखेच इंजिनीअर काम करतात?

दुसरं उत्तर येतं: त्याला पेट्रोलियम इंजिनीअरिंग लागतं, ते आपल्याकडं कुणी शिकवत नाही. हा गैरसमज प्राध्यापकांच्या खोलीतही मला भेटला, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

मुख्य वाहिनीतून गॅस प्रचंड दाबानं येतो. शहराच्या वेशीवर त्याचा दाब उतरवायचा, तो मोजायचा, त्यात वास मिसळायचा (नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून घालावा लागतो), मग पोलादी वाहिनीतून तो शहरभर फिरवायचा. पुढं पिवळ्या प्लास्टिक नळ्यांत दाब चार बारच्या आत ठेवायचा आणि स्वयंपाकघरात फक्त २१ मिलिबार. हे दाबाचे टप्पे उतरवणारे रेग्युलेटर, स्लॅम-शट व्हॉल्व्ह (दाब बिघडला की आपोआप बंद होणारे), मीटर, आणि दूर कुठंतरी बसून हे सगळं पाहणारी स्काडा यंत्रणा, हे सारं इन्स्ट्रुमेंटेशनचं काम. मीटरमध्ये अर्ध्या टक्क्याची चूक राहिली तरी वर्षाअखेर कोटींचा हिशेब चुकतो, म्हणून तिथं चांगल्या माणसाला मान आहे. सीएनजीच्या पंपावर गॅस २०० बारच्या वर दाबायचा तर कॉम्प्रेसर लागतो. त्याचे पिस्टन, व्हॉल्व्ह, कूलर, कंपनं बघायला मेकॅनिकलवाला हवा.

आता सिव्हिल. आपली काळी कसदार जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात पुरलेल्या नळीवर काय ताण येतो, नदीखालून आडवं भोक पाडून नळी कशी ओढायची, स्टेशनचा पाया किती खोल घ्यायचा, हे प्रश्न मराठवाड्यातल्या सिव्हिलच्या मुलाला पुण्याच्या मुलापेक्षा जास्त जवळचे आहेत. त्यानं लहानपणापासून भेगा पडलेली घरं पाहिलीयत. आणि इलेक्ट्रिकल? हीच ओल धरणारी काळी माती विजेला वाट देते, म्हणून गंज लवकर धरते. मग नळीवर जाड प्लास्टिकचा लेप चढवतात आणि वर कॅथोडिक प्रोटेक्शन देतात, म्हणजे बाहेरून वीज देऊन नळीला जमिनीच्या तुलनेत ऋण ठेवतात. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडनं मोजलं तर निदान उणे ०.८५ व्होल्ट आलं पाहिजे. प्रथम वर्षाच्या केमिस्ट्रीत मुलं ‘गंजणे’ हा धडा पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्या धड्यावर एका माणसाची अख्खी नोकरी चालते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

केमिकलचं तर विचारूच नका. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्थेत केमिकल आहे. जालन्यात आयसीटीचा, म्हणजे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, मराठवाडा कॅम्पस २०१८ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी आयसीटीचा दुसरा कॅम्पस भुवनेश्वरला सुरू झाला आणि त्याच्या नावातच इंडियन ऑइल आहे. जालन्याच्या नावात फक्त मराठवाडा. हे मला बोचतं. भुवनेश्वरच्या कॅम्पसला तेल कंपनीचा आधार मिळाला, तर जालन्यासाठी आपण सगळ्या प्राचार्यांनी मिळून एखाद्या कंपनीचं दार ठोठावलं का? ठोठावलं असेल तर त्याचा आवाज आमच्यापर्यंत तरी आला नाही.

जाता जाता एक गोष्ट. महाराष्ट्राच्या समतोल विकासाचा २०१३ चा अहवाल ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाला, ते विजय केळकर नव्वदच्या दशकात केंद्रात पेट्रोलियम सचिव होते. मागासलेपणाचा हिशेब आणि तेलाचा हिशेब एकाच माणसाच्या टेबलावरून गेला. पुढं मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. तो अनुशेषाचा वाद आज नको. त्या वादात माहितीचा अनुशेष कुणीच मोजला नाही, एवढंच म्हणतो.

आता या उद्योगात शिरायची दारं.

सर्वांत मोठं दार म्हणजे ‘गेट’ ही इंजिनीअरिंगची देशपातळीवरची परीक्षा. ओएनजीसी, इंडियन ऑइल, गेल यांसारख्या सरकारी कंपन्या वर्षानुवर्षं गेटच्या गुणांवर इंजिनीअर घेत आल्यात. हिंदुस्थान पेट्रोलियमसारखी कंपनी स्वतःची संगणक परीक्षाही घेते. पद्धत वर्षागणिक बदलते, म्हणून जाहिरात मुळातून वाचायची सवय लावावी लागते. ओएनजीसीत पदवीधर इंजिनीअरचं सुरुवातीचं मूळ वेतनच ६०,००० रुपये आहे, भत्ते वेगळे. हा आकडा फळ्यावर लिहा, मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतील. पण त्याखाली अटी लिहा: पदवीला बहुतेक ठिकाणी ६०, काही ठिकाणी ६५ टक्के लागतात. पहिल्या वर्षी गणितात बुडालेला मुलगा शेवटच्या वर्षी हे ऐकतो तेव्हा त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. गेट आता तिसऱ्या वर्षीही देता येतं, हे कितीजणांना सांगितलंत? अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत. स्कोअर तीन वर्षं चालतो असं गेटवाले म्हणतात, पण तेल कंपन्या बहुधा जाहिरातीत नमूद केलेल्या वर्षाचाच स्कोअर धरतात.

इथं लातूरची आठवण येते. वेळापत्रक लावून, चाचण्या घेऊन, पोरांना रात्री अकरापर्यंत बसवून निकाल काढायचं तंत्र लातूर पॅटर्ननं अख्ख्या राज्याला दाखवलं. त्याच तालमीतली मुलं आपल्या कॉलेजांत येतात आणि चार वर्षांत ती सवय घालवून बसतात. नीटसाठी शिकवण्यांच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. गेटसाठी कॉलेजच्याच ग्रंथालयात संध्याकाळचे दोन तास नि एक खमका प्राध्यापक पुरे आहे. फ्लेक्स लावायचा हट्ट असेल तर तोही लावा, माझी हरकत नाही.

दुसरी गोष्ट शाखांच्या नावांची. हल्ली मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलच्या जागा कमी करून कॉम्प्युटरच्या वाढवायची चढाओढ लागलीय आणि जुन्या शाखांना नवी झगमगीत नावं देताहेत. सरकारी कंपनीच्या जाहिरातीत शाखांची नावं छापलेली असतात. आपल्या पदवीवरचं नाव त्यात बसत नसेल तर उमेदवार छाननीतच बाहेर जातो. शाखेचं नाव बदलण्याआधी निदान चार जाहिराती समोर ठेवून बघा. ही विनंती थेट प्राचार्यांना, टीपीओंच्या हातात हे नसतं.

तंत्रनिकेतनांनी स्वतःला यातून वगळू नये. डिप्लोमावाल्यांसाठी इंडियन ऑइलच्या रिफायनऱ्यांत कनिष्ठ अभियांत्रिकी सहायकाची पदं निघतात. लातूरच्या पूरणमल लाहोटी तंत्रनिकेतनात किंवा संभाजीनगरच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलाला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश हाच एक मार्ग ठाऊक असतो. घरची ओढाताण असणाऱ्याला हा दुसरा मार्ग जास्त सोयीचा ठरू शकतो.

अप्रेंटिसशिप हे आपण सर्वांत दुर्लक्षलेलं दार. १९६१ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना पदवीधर आणि डिप्लोमा अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि तेल कंपन्या दरवर्षी घेतात. नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर होते, पश्चिम विभागाचं अप्रेंटिस प्रशिक्षण मंडळ मुंबईला आहे. विद्यावेतन फार नसतं आणि पुढं नोकरीची हमीही नसते, हे आधीच सांगा. पण एका वर्षात मुलगा परमिटशिवाय पाना हातात घ्यायचा नाही हे शिकतो, पी-अँड-आयडी, म्हणजे नळ्या आणि उपकरणांचं ड्रॉइंग वाचायला शिकतो, आणि पुढच्या मुलाखतीत त्याच्याकडं बोलायला काहीतरी असतं.

खासगीत ईपीसी कंपन्या (डिझाइनपासून उभारणीपर्यंत अख्खा प्रकल्प अंगावर घेणाऱ्या), तपासणी संस्था, गॅस वितरणाचे ठेकेदार. ठेकेदाराकडं साइट इंजिनीअर म्हणून सुरुवातीचा पगार हलकाच असतो, राबवून घेतात, पीएफ भरतात का ते विचारावं लागतं. दोन-तीन वर्षं वेल्डिंग, रेडिओग्राफी (जोडाचा एक्स-रे), हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) नीट शिकला तर माणूस पुढं जातो. आपल्याकडं सर्टिफिकेटची दुकानं फार झालीत. वेल्डिंग न तोडता तपासायची एनडीटी लेव्हल-टू उपयोगी आहे. पण नुकत्याच पास झालेल्या पोराला कुणी एपीआय ५१० चा, म्हणजे दाबाखालच्या टाक्यांच्या तपासनिसाच्या परीक्षेचा, कोर्स विकत असेल तर सावध करा, कारण ती परीक्षा पदवीधरालाही तपासणीच्या अनुभवाशिवाय देता येत नाही.

आखातात जायचं म्हटलं की घरचे शेत गहाण ठेवायला तयार होतात. म्हणून दोन गोष्टी सूचना फलकावर कायमच्या लावा. परदेशात माणसं पाठवणारा एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दहावी पास असल्यानं आपल्या मुलांच्या पासपोर्टला उत्प्रवासाची परवानगी लागत नाही. साहजिकच त्यांची कागदपत्रं कुणी सरकारी माणूस तपासत नाही, ती आपणच तपासायची. व्हिजिट व्हिसावर नोकरी देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

या उद्योगाची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नका. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर भागात एक जहाज प्लॅटफॉर्मच्या रायझरला, म्हणजे वर येणाऱ्या वायुनळीला धडकलं आणि लागलेल्या आगीत २२ माणसं गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाला, त्यावरची ७० हून अधिक माणसं परत आली नाहीत. त्यात बहुतेक ठेकेदारांची माणसं होती. कायम नोकरीतला आणि ठेक्यावरचा यांतला फरक पगारापुरता नसतो, वादळात तो जिवावर येतो. २००५ च्या अपघातावर प्रोसेस सेफ्टीची दोन लेक्चरं होतील: नळी कुठल्या बाजूला असावी, जहाज कधी जवळ येऊ द्यावं, निर्णय कुणाचा. समुद्रात ओएनजीसीची पाळी साधारण १४ दिवस कामाची आणि १४ दिवस सुट्टीची असते, खासगी रिगवर २८-२८ सुद्धा. सणाला घरी नसणं, लग्नाच्या तारखा पाळीनुसार काढणं हे आलंच. कुणाला हे आवडतं (सुट्टीत शेत बघता येतं म्हणणारे मला भेटलेत), कुणाला सहा महिन्यांत नको होतं.

मुलींना मात्र ‘साइटवर कशाला’ म्हणून परस्पर सॉफ्टवेअरकडं वळवू नका. डिझाइन ऑफिस, कंट्रोल रूम, प्रयोगशाळा, पाइपलाइनचं देखरेख केंद्र, रिफायनरी, यातलं काय झेपतं ते ती ठरवेल.

तेल संपणार, गाड्या विजेवर जाणार, मग या पोरांचं काय, असं एका प्राध्यापकांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. आज बावीस वर्षांचा मुलगा २०६० च्या आसपास निवृत्त होईल, आणि देशानं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वर्ष २०७० धरलंय. आज आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो, रिफायनऱ्या एवढ्यात बंद होत नाहीत. तरीही निस्तं तेलावर विसंबू नका, हे माझंही मत आहे. म्हणून मुलांना साखर कारखान्यात न्या.

हो, साखर कारखान्यात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेडच्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या त्यातला वाटा उचलतात. ऊर्ध्वपातनानं अल्कोहोल सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत नेता येतं, त्यापुढं पाणी सोडत नाही. मग मॉलिक्युलर सीव्हनं (पाणी धरून ठेवणाऱ्या दाण्यांनी) ते पाणी वेगळं करून अल्कोहोल ९९.५ च्या वर नेतात. हा ॲझिओट्रोप पुस्तकात एका आलेखात संपतो, डिस्टिलरीत तो रोज भेटतो. रिफायनरीचा क्रूड कॉलम (कच्चं तेल वेगळं करणारा मनोरा) ऊर्ध्वपातनाच्या याच तत्त्वावर चालतो, फक्त उंच आणि गरम. प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून, कॉम्प्रेस्ड बायोगॅस करायची ‘सतत’ नावाची योजना २०१८ पासून आहे, आणि २०२५-२६ पासून शहरी गॅस कंपन्यांना आपल्या गॅसमध्ये बायोगॅसचा ठरावीक वाटा घ्यावा लागतो. म्हणजे ऊसतोड होते त्याच गावात उद्या गॅस तयार होईल, दाबला जाईल, मोजला जाईल. तिथं लागणारा इंजिनीअर बाहेरून आणायचा का?

तर मागणं असं. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात एक तास या विषयाला द्या आणि त्यात जुन्या जाहिरातींच्या प्रती वाटा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला इंटरनेटवरून उतरवलेला ‘स्मार्ट डस्टबिन’ घेण्यापेक्षा काळ्या मातीतल्या नळीचा गंज किंवा डिस्टिलरीच्या वाफेचा हिशेब घ्या. आपल्याच कॉलेजातून पास होऊन उरण, जामनगर, बाडमेर, अबू धाबीला पोचलेल्या मुलांचे फोन नंबर टीपीओंच्या टेबलावर असू द्या. असे लोक आहेत, फक्त त्यांना कुणी बोलावत नाही.

गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. दिवाळीनंतर पहिल्या पंधरवड्यात गर्दी कमी असते, डिस्टिलरीचे चीफ केमिस्ट तेव्हा वेळ देतात. आपल्या जवळच्या कारखान्याला पत्र आत्ताच टाका, मुलांना बूट घालून यायला सांगा, चप्पल घातलेल्याला गेटवर अडवतात. कुणी माहीतगार माणूस सोबत हवा असेल तर मी येईन, मानधन नको, बसभाडं मी माझं भरेन.

आपला,
परभणी जिल्ह्यातला एक निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर